घराचं बजेट का वाढतं? ठेकेदाराशी होणारे वाद आणि त्यांचा हिशेब

आपल्या बारामती-इंदापूर भागात फिरताना एक दृश्य हमखास दिसतं. रस्त्याच्या कडेला स्लॅब पडलेलं घर, कॉलममधून वर आलेल्या गंजक्या सळया, भिंतींना गिलावा नाही आणि एकाच खोलीला पत्रा टाकून राहणारं कुटुंब. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "ठेकेदाराशी वाजलं. तो म्हणतो पैसे वाढवून द्या, आम्ही म्हणतो ठरल्याप्रमाणे कर. दोन वर्षं झाली, काम बंद आहे."

या भांडणात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत असतं. घरमालकाला वाटतं आपण फसलो, ठेकेदाराला वाटतं आपण बुडालो. आजच्या पाठात बघू, की हे "वाढलेले पैसे" नेमके कशाचे असतात, त्यातले कुठले द्यावे लागतात, कुठले लागत नाहीत, आणि वाद झालाच तर पायरीपायरीने काय करायचं.

आधी दोन प्रकार ओळखा

स्वतःच्या जागेवर घर बांधताना ठेका साधारण दोन प्रकारे दिला जातो.

पहिला मजुरीचा ठेका. सिमेंट, सळई, वीट, वाळू, खडी तुम्ही आणायची. ठेकेदार गवंडी, बिगारी आणि सेंट्रिंगवाला घेऊन काम करणार. इथे बाजारभाव वाढला तर तो तुमच्याच खिशातून जातो.

दुसरा मटेरियलसह ठेका. चौरस फुटाला एक दर ठरतो आणि त्या दरात ठेकेदाराने घर उभं करून द्यायचं. इथे भाव वाढला तर तोटा कोणाचा, हाच वादाचा मूळ मुद्दा असतो.

या दोन्ही ठेक्यांना 'रेरा' कायदा लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. २०१६ चा तो कायदा फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या विकासकांसाठी आहे. तुमचा ठेकेदार तुम्हाला घर विकत नाही, तुमच्या जागेवर बांधून देतो. म्हणून महारेराकडे तक्रार करून इथे काही हाती लागणार नाही. आपल्याला वेगळे रस्ते आहेत, ते पुढे पाहू.

"खर्च वाढला" म्हणजे नेमकं काय वाढलं?

ठेकेदार म्हणतो, "साहेब, खर्च वाढला." हे वाक्य म्हणजे एक गाठोडं आहे. ते सोडलं की आत चार वेगवेगळ्या वस्तू निघतात.

१) भाववाढ : तेवढीच सळई, तेवढंच सिमेंट, पण दर जास्त.
२) न दिसलेलं काम : जमिनीखाली जे होतं ते आधी कळलं नव्हतं.
३) तुम्ही सांगितलेले बदल : "तेवढं वरती एक संडास-बाथरूम काढूनच टाका."
४) मोजमापातला फरक : क्षेत्रफळ कशाकशाचं धरायचं.

आता एक उदाहरण घेऊ. यातले दर फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, त्यांना बाजारभाव समजू नका.

समजा, १,००० चौरस फुटांचं घर मटेरियलसह १,८०० रुपये दराने ठरलं. एकूण १८ लाख रुपये. स्लॅब झाला आणि गिलाव्याच्या वेळी ठेकेदार म्हणाला, "अजून ३ लाख ६० हजार लागतील, नाहीतर माणसं काढून घेतो." घरात रडारड सुरू. पण गाठोडं सोडलं तेव्हा हिशेब असा निघाला :

सळई ४,००० किलो, किलोमागे १० रुपये वाढ : ४०,००० रुपये
सिमेंट ४५० पिशव्या, पिशवीमागे ३० रुपये वाढ : १३,५०० रुपये
पाया ५ फुटांऐवजी ८ फूट खोल गेला : ६२,००० रुपये
जास्तीचं संडास-बाथरूम आणि ओट्याला ग्रॅनाइट : ९६,००० रुपये
बाल्कनी ३० चौ. फूट आणि छज्जे ५२ चौ. फूट, एकूण ८२ × १,८०० : १,४७,६०० रुपये

बेरीज ३,५९,१०० रुपये. ज्याला सगळे "महागाई" म्हणत होते, तिचा यात वाटा फक्त ५३,५०० रुपयांचा आहे! बाकीचे तीन लाख वेगळ्याच कारणांचे आहेत. आता एकेक कारण तपासू.

पहिलं कारण : भाववाढ

दर ठरवून ठेका घेतला आणि नंतर भाव वाढले, तर वाढीव पैसे मागता येतात का? यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६० सालचा एक निकाल आहे, अलोपी परशाद विरुद्ध भारत सरकार. गंमत म्हणजे तो घराचा नाही, तुपाचा आहे. अलोपी परशाद यांची पेढी सैन्यासाठी तूप खरेदी करून देत असे. मोबदल्याचा करार १९३७ सालचा. मग दुसरं महायुद्ध पेटलं आणि सगळी परिस्थिती बदलली. पेढी म्हणाली, जुने दर शांततेच्या काळातले होते, आम्हाला वाढवून द्या. न्यायालयाने ते मानलं नाही. काम अवघड झालं किंवा महाग पडलं, एवढ्यावरून करार मोडत नाही आणि दरही आपोआप बदलत नाही, असा त्या निकालाचा सारांश.

म्हणजे करारात भाववाढीचं कलम नसेल, तर ठेकेदार ५३,५०० रुपये हक्काने मागू शकत नाही.

पण थांबा, लगेच खूश होऊ नका. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर लोखंड इतकं कडाडलं, की भाव आवरायला केंद्र सरकारने मे महिन्यात पोलादाच्या निर्यातीवर कर लावला आणि नोव्हेंबरमध्ये तो काढून घेतला. अशा वेळी गावातला छोटा ठेकेदार, ज्याचा सगळा धंदा एका हार्डवेअर दुकानाच्या उधारीवर चालतो, तो खरोखर बुडू शकतो. बुडालेला ठेकेदार दोनच गोष्टी करतो. काम सोडून जातो, नाहीतर सिमेंटमध्ये हात आखडतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती गिलाव्याखाली झाकली जाते. म्हणून मोठे सरकारी ठेके देतानाही भावफरकाचं कलम ठेवतात. ते आपणही ठेवावं. साध्या भाषेत असं लिहिता येईल :

"सळई रुपये ____ प्रति किलो आणि सिमेंट रुपये ____ प्रति पिशवी हे मूळ दर धरले आहेत. दरात ५ टक्क्यांपर्यंत फरक पडल्यास तो ठेकेदाराचा. त्यापुढचा फरक, वाढ असो वा घट, पक्क्या बिलाप्रमाणे आणि प्रत्यक्ष वापरलेल्या मालावर मालकाने द्यावा वा कापून घ्यावा."

यातला "वाढ असो वा घट" हा शब्दप्रयोग फार महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करासह ३५० रुपयांची पिशवी असेल, तर मूळ किंमत तीच राहिल्यास ती सुमारे ३२३ रुपयांना पडायला हवी. म्हणजे पिशवीमागे २७ रुपये आणि ४५० पिशव्यांमागे १२ हजारांहून जास्त. भाव वाढला की फोन येतो, उतरला की कोणी फोन करत नाही!

जीएसटीचीच आणखी एक गोष्ट. एकट्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटीतून सूट आहे. मजुरीच्या बिलावर कोणी "वरती १८ टक्के" लावले, तर शांतपणे हे विचारा.

दुसरं कारण : जमिनीखालचं काम

आपल्या भागात हे कारण फार मोठं आहे. बारामती तालुक्यातच दोन तऱ्हा आहेत. सुपे-मोरगावकडचा जिरायत पट्टा मुरमाड, कुदळ मारली की ठण्ण वाजते. नीरा डाव्या कालव्याखालचा माळेगाव-पणदरेकडचा बागायत पट्टा काळ्या मातीचा. इंदापूर तालुक्यातही नीरा आणि भीमेच्या काठाने अशीच भारी काळी जमीन आहे.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. तुमच्या शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना? घराखाली तीच हालचाल चालू राहिली, तर भिंती तडकतात. म्हणून पाया काळ्या मातीच्या खाली पक्क्या थरापर्यंत न्यावा लागतो आणि मुरमाची भरणी चांगली ठोकून करावी लागते. कुठे तो थर ४ फुटांवर लागतो, कुठे १० फुटांवरही लागत नाही.

ठेकेदाराने ५ फूट धरून दर दिला आणि ८ फूट जावं लागलं, तर ते तीन फूट म्हणजे खरंच झालेलं जास्तीचं काम आहे. जादा खोदाई, जादा काँक्रीट, जादा सळई. करारात "पाया ५ फुटांपर्यंत" असं लिहिलं असेल, तर पुढचं वेगळं द्यावं हे न्याय्य. "पाया लागेल तितका, सर्व दरात समाविष्ट" असं असेल, तर ती जोखीम ठेकेदाराने घेतली आहे. काहीच लिहिलं नसेल तर भांडण ठरलेलं!

उपाय अगदी स्वस्त आहे. दर ठरवण्याआधीच जागेवर दोन टोकांना दोन चाचणी खड्डे घ्या. जेसीबीचं तासाभराचं काम. इंजिनिअर, ठेकेदार आणि तुम्ही असे तिघं मिळून ते बघा आणि खोली करारात लिहा. पाया भरण्याआधी टेप लावून प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा. एकदा माती लोटली की खड्डा किती खोल होता हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

तिसरं कारण : "तेवढं करून टाका"

आता स्वतःकडे बघू. घर वर यायला लागलं की पाहुणे येतात. कोणी म्हणतं जिना बाहेरून घ्या, कोणी म्हणतं देवघर पूर्वेला सरकवा. आपण ठेकेदाराला सांगतो, "तेवढं करून टाका, बघू नंतर." हा "बघू नंतर" शेवटी ९६ हजारांचा होतो.

लेखी ठरलं नव्हतं म्हणून हे पैसे बुडवता येतात का? नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७० सांगतं, की एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल या प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराने काही शेड, कार्यालय, स्वयंपाकघर असं बांधकाम केलं. रीतसर करार नव्हता. सरकार म्हणालं, करारच नाही तर पैसे कसले? सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने कौल दिला. काम स्वीकारलं, वापरलं, मग मोबदला द्या.

म्हणजे तूप आणि शेड हे दोन निकाल शेजारी ठेवले की नियम पाठ होतो : तेच काम महाग पडलं, तर ठरलेलाच दर. जास्तीचं काम झालं आणि तुम्ही ते वापरलं, तर योग्य मोबदला.

यावर उपाय म्हणजे एक दोनशे पानी वही. प्रत्येक बदल तारखेसह लिहा : काय बदल, किती माप, काय दर, दोघांच्या सह्या. वही नको असेल तर व्हॉट्सअॅपवर लिहा आणि ठेकेदाराकडून "मान्य" असं उत्तर घ्या. तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेसेज. संकोच वाटतो खरा, पण सहीचा संकोच दोन मिनिटांचा असतो, वाद दोन वर्षांचा.

चौथं कारण : मोजमाप

"चौरस फुटाला १,८००" हे वाक्य अर्धवट आहे. कुठला चौरस फूट? भिंतींच्या आतला की बाहेरचा? स्लॅबचा? छज्जा काही ठेकेदार पूर्ण धरतात, काही अर्धा, काही धरतच नाहीत. बाल्कनी, जिन्यावरची टोपी, पाण्याची जमिनीखालची टाकी, गच्चीचा कठडा, कंपाउंड हे सगळं दरात आहे की बाहेर, हे नकाशावर रंग मारून ठरवा आणि त्या नकाशावर दोघांच्या सह्या घ्या.

माल तुम्ही आणत असाल, तर दोन मापं घरातल्या शाळकरी मुलालाही शिकवा.

ब्रास : वाळू, खडी, मुरूम यांचा १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. टेम्पोची हौद लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, वाळूची उंची ३ फूट असेल, तर १० × ६ × ३ = १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास. बिल २ ब्रासचं असेल तर तिथेच बोला. गिलावा आणि फरशीच्या कामात मात्र १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, हा फरक विसरू नका.

सळई : सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमी सळईसाठी १४४ भागिले १६२ म्हणजे ०.८९ किलो. १२ मीटरची पूर्ण सळई सुमारे १०.७ किलो भरते. ४० नग आले तर अंदाजे ४२७ किलो. आपण उसाची प्रत्येक खेप काट्यावर घालतो, किलोकिलोवरून कारखान्याशी भांडतो आणि सळई मात्र नजरेने उतरवून घेतो!

पैसे कसे द्यायचे?

आपल्याकडे घराचा पैसा उसाच्या बिलाशी बांधलेला असतो. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, कारखाना कुठलाही असो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण पुढचे हप्ते कधी येतील याचा भरवसा धरून ठेकेदाराला तारीख देऊ नका. बिल लांबलं की ठेकेदाराची मजुरी थांबते, माणसं दुसऱ्या साईटवर जातात आणि मधल्या काळात भाव बदलतात. तेव्हा वाढीला आपणही जबाबदार ठरतो.

म्हणून पैसे तारखेवर नको, कामाच्या टप्प्यावर द्या : जोतं, लिंटेल, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, रंग. पैसे कामाच्या थोडे मागे असावेत, पुढे कधीच नकोत. मोठी उचल देऊन बसलात की तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही. शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत अनामत ठेवा, पण हे आधीच करारात लिहा. शेवटी अचानक पैसे अडवणं म्हणजे नवा वाद. आणि शक्यतो बँकेतून द्या. रोख दिलेच तर वहीत सही घ्या.

वाद झालाच तर

पहिली पायरी, काम मोजा. दोघांना मान्य असलेला इंजिनिअर बोलवा. झालेलं काम, उरलेलं काम आणि दिलेले पैसे एका कागदावर आणा. आपल्या उदाहरणात असं बसल्यावर पाया ६२,००० पूर्ण, बदल ९६,००० पूर्ण, बाल्कनी पूर्ण आणि छज्जे अर्धे धरून ५६ चौरस फुटांचे १,००,८०० आणि भाववाढ अर्धी-अर्धी म्हणून २६,७५० असं ठरू शकतं. एकूण २,८५,५५० रुपये. मागितल्यापेक्षा ७४,४५० कमी. मालकाला शून्यावर आणता आलं नाही, ठेकेदाराला सगळं मिळालं नाही, पण घर पूर्ण होतं.

रागाच्या भरात दोन चुका करू नका. एक, ठेकेदाराच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू अडवून ठेवू नका, ती त्याची मालमत्ता आहे. दोन, भांडण झालं म्हणून त्याने स्लॅबखालचे टेकू मुदतीआधी काढू नयेत, हे पाहा. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखाली १४ दिवस टेकू ठेवावेत असं भारतीय मानक सांगतं. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. पैशांचा वाद नंतर मिटेल, पडलेला स्लॅब परत येणार नाही.

दुसरी पायरी, लेखी नोटीस. काम कुठे थांबलं, काय मागणी आहे, किती दिवसांत सुरू करावं, हे स्पीड पोस्टाने कळवा. त्यानंतरही तो आला नाही, तर फोटो आणि मोजमाप घेऊन दुसऱ्याकडून काम करून घ्या. करार त्याने मोडला असेल, तर जादा पडलेला वाजवी खर्च करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे मागता येतो.

तिसरी पायरी, समेट. गावची तंटामुक्त समिती आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी नीट वाचा.

चौथी पायरी, ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल, तर पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ठेकेदाराला मात्र स्वतःच्या थकबाकीसाठी हा रस्ता नाही. त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागतं आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षं.

घरी करून पाहा

तुमच्या घराचं काम चालू असेल किंवा ठरत असेल, तर आज संध्याकाळी एक कोरा कागद घ्या. त्यावर पाच ओळी लिहा : कोणत्या क्षेत्राला कोणता दर, पाया किती खोल, सळई-सिमेंटचे मूळ दर, पैसे देण्याचे टप्पे, बदल झाल्यास कसं ठरवायचं. या पाचपैकी जी ओळ लिहिता येत नाही, तिथेच उद्याचं भांडण लपलंय असं समजा. मग तो कागद घेऊन ठेकेदाराबरोबर चहाला बसा. काम सुरू व्हायच्या आधी अशा गोष्टी हसत-खेळत ठरतात. स्लॅब पडल्यावर त्याच गोष्टींसाठी वकील लागतो.